चाळीस चाळीस चाळीस चाळीस

सीडर रॅपिड्स, आयोवा. मे महिना, रात्रीचे दोन वीस.
मिलो ह्लावातीचा फोन:
"गारपिटीच्या दाव्यांचा जॉब पडला. झीरो-सी-फोर."
मग जरा थांबून, "थेडाला उठवू का?"

थेडा ओस्टरहाउस आली ती नाइटगाऊनवर रेनकोट चढवून,
कानामागे पेन्सिल.
तोवर मिलोनं ढकलगाडीवरून डम्प आणला होता,
हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद, चार बोटं जाड,
अजून कोमट.
यंत्रानं पडता पडता आपली सगळी आठवण
ओकून टाकलेली, सोळाच्या हिशेबात.

मी पहिल्या पानापासून वाचायला लागलो.
"पोथी नाही ती," थेडा म्हणाली, "पंचनामा आहे.
आधी प्रेत कुठे पडलं ते बघ."

पी-एस-डब्ल्यू: एक ए तीन सी सहा.
त्यातून प्रोग्रॅमचा उंबरठा वजा केला,
एक नऊ एफ शून्य शून्य.
(हाताला बोटं दहाच, वरची सहा मनात धरायची.)
राहिलं चार सी सहा.
"आता सहा घरं मागे ये.
हा गृहस्थ नेहमी पुढच्या पावलाकडे बोट दाखवतो,
ठेच लागली त्या दगडाकडे नाही."

चार सी शून्य. साधी एक 'मूव्ह':
इथलं उचल, तिथे ठेव.
तिथे म्हणजे कुठे, ते रजिस्टर सातला ठाऊक,
आणि सातात
चाळीस चाळीस चाळीस चाळीस.

"म्हणजे चूक या ओळीची," मी.
तिनं पेन्सिलीनं माझ्या बोटावर टिचकी मारली.
"चोर सोडून संन्याशाला फाशी!
दिल्या पत्त्यावर गेली बिचारी.
दार परक्याचं, किल्ली लागेना,
पहारेकऱ्यानं उंबऱ्यातच आडवी केली.
पत्ता कोणी दिला, ते विचार."

मग तिनं सांगितलं ते मी अजून विसरलो नाही.
या यंत्रात कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे.
कोऱ्यालाही एक अंक आहे: चाळीस.
कुणीतरी काहीच लिहिलं नाही,
आणि ते 'काहीच नाही' जाऊन बसलं पत्त्याच्या जागी.

पानं उलटली. उजव्या समासात,
जिथे आकड्यांची पुन्हा अक्षरं होतात,
ठिपक्यांच्या रानात एकाखाली एक माणसं उभी होती.
ओल्सन. प्रोखाझ्का. दोन व्हॅन झी, बहुधा भाऊ.
थेडा पेन्सिलीच्या टोकानं मोजत खाली आली.
पन्नास.
आणि तक्त्याची हद्द ओलांडून, शेजाऱ्याच्या बांधावर,
आणखी एक:
इर्मा ईबी.

मधली फट धरून आठ घरांचं नाव.
रकाना चोवीसांचा.
उरलेली सोळा घरं कोरी,
आणि त्यांतल्या शेवटच्या चारांखाली
गाडला गेलेला तो पत्ता.

एका गावात एका रात्री
पन्नासाहून जास्त छपरं फुटणार नाहीत,
असं कुणी ठरवलं होतं?
मी लिस्टिंग उघडलं. पहिल्याच पानावर
तारीख, सोळा वर्षांपूर्वीची. खाली दोन आद्याक्षरं.
मी वाचली आणि गप्प राहिलो.
मिलो उगाचच प्रिंटरचा कागद सरळ करत बसला.

"चोर घरचाच," थेडा म्हणाली.
चश्मा काढून रेनकोटच्या टोकानं पुसला,
पण रेनकोटनं काच कुठली पुसली जाते.
"तेव्हा जागा महाग होती रे.
एकेक घर मागून घ्यावं लागायचं.
पन्नास मिळाले, तर मला वाटलं, काय उधळपट्टी!"

तिनं पन्नासाचे पाचशे केले.
मग थांबली, आणि खाली एक ओळ घातली:
पाचशे भरले तर पुढे जाऊ नकोस, हाक मार.
"ही ओळ तेव्हाच हवी होती," म्हणाली. "आकडा कितीही चालला असता."

पाच वाजता जॉब हिरवा झाला.
बाहेर गिरणीतून ओट भाजल्याचा वास येत होता,
पार्किंगमध्ये थेडाच्या गाडीच्या टपावर
गारांचे खळगे, त्यांत पाणी.
मी विचारलं, हिचा दावा केला का?
"नाही केला," ती म्हणाली. "बावन्नावी झाले असते."